बीज, माती आणि शस्त्र : कर्करोगाच्या प्रसाराविषयीच्या कल्पनांचा इतिहास

प्रस्तावना

कर्करोगाने दगावणाऱ्या रुग्णांपैकी बहुसंख्य रुग्णांचा मृत्यू मूळ गाठीमुळे होत नाही. स्तनातील गाठ स्तनापुरतीच राहिली असती, तर तिने सहसा प्राण घेतला नसता. ती गाठ सोडून निघालेल्या पेशी यकृतात, फुप्फुसात, अस्थींत किंवा मेंदूत वस्ती करतात, तेथे वाढतात आणि त्या अवयवाचे काम बंद पाडतात. या प्रक्रियेस वैद्यकात मेटास्टॅसिस म्हणतात. ती कशी घडते, हा प्रश्न वरवर पाहता प्रयोगशाळेचा आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात का शिरावे, असा आक्षेप घेता येईल.

या आक्षेपाचे उत्तर असे की, कर्करोग शरीरात कसा पसरतो याविषयी प्रत्येक काळाने जे उत्तर दिले, त्यावर रुग्णाच्या शरीराचा किती भाग कापून काढावयाचा हे ठरत गेले. प्रसाराचा सिद्धान्त बदलला की शस्त्रक्रियेची सीमा बदलणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात मात्र एक सिद्धान्त पुरेशा परीक्षणाशिवाय सुमारे आठ दशके टिकून राहिला आणि त्याची किंमत असंख्य स्त्रियांनी आपल्या शरीराने मोजली. त्या सिद्धान्ताला छेद देणारे निरीक्षण त्याच्या उदयकाळीच छापून प्रसिद्ध झालेले होते. ते दुर्लक्षित का राहिले, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

शब्दांची साक्ष

‘कर्करोग’ हा शब्द आज आपल्याला संस्कृत परंपरेतून आलेला वाटतो; परंतु तो पाश्चात्त्य संज्ञेवरून घडविलेला अर्वाचीन शब्द आहे. ग्रीक वैद्यांनी या व्याधीला खेकड्याचे नाव दिले. स्तनातील गाठीभोवती फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात, असे स्पष्टीकरण गॅलेन यांनी दिले. आयुर्वेदाच्या ग्रंथांत या प्रकारच्या गाठींना ‘अर्बुद’ म्हटले आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात आधीच्या अर्बुदावर उद्भवणाऱ्या दुसऱ्या अर्बुदाला ‘अध्यर्बुद’ अशी स्वतंत्र संज्ञा आहे. काही लेखक तेवढ्यावरून प्राचीन भारतीयांना मेटास्टॅसिस ज्ञात होता असे विधान करतात. असे विधान करताना संयम बाळगावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. एका गाठीमागून दुसरी गाठ येते हे निरीक्षण निश्चितच मोलाचे आहे. पण दुसरी गाठ पहिलीच्या पेशींपासून बनते, ही कल्पना पेशीच ज्ञात नसताना संभवत नाही.

मेटास्टॅसिस या ग्रीक शब्दाची कथाही अशीच आहे. त्याचा मूळ अर्थ स्थानांतर. शरीर चार द्रवांनी बनले आहे असे मानणाऱ्या वैद्यकात, एखादा विकार एक अवयव सोडून दुसऱ्या अवयवात गेला की तो शब्द वापरीत. कर्करोग हा तर काळ्या पित्ताचा विकार. ते पित्त सर्व शरीरभर असल्याने गाठ कापून उपयोग नाही, असे गॅलेनपरंपरेचे मत होते. म्हणजे प्रसाराचा प्रश्नच उद्भवत नव्हता. जो रोग आरंभापासून सर्वत्र आहे, तो पसरणार कोठून?

द्रवाकडून पेशीकडे

अठराव्या शतकाच्या मध्यास हेन्री फ्रान्स्वा ल द्रान या फ्रेंच शस्त्रवैद्याने वेगळे मत मांडले. कर्करोग आरंभी एका जागी असतो, तेथून लसिकावाहिन्यांच्या मार्गाने जवळच्या ग्रंथींत जातो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यामुळे शस्त्रक्रियेला प्रथमच सैद्धान्तिक आधार मिळाला. रोग स्थानिक असेल आणि वेळीच कापला, तर रुग्ण वाचू शकतो. भूल देण्याचे शास्त्र नसलेल्या त्या काळात ही आशा किती वेदनेने विकत घ्यावी लागे, हे इंग्रज कादंबरीकार फॅनी बर्नी यांनी १८११ मध्ये पॅरिस येथे सोसलेल्या स्तनाच्या शस्त्रक्रियेविषयी बहिणीला लिहिलेल्या पत्रातून कळते.

पॅरिसमधील वैद्य जोसेफ रेकामिए यांनी १८२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कर्करोगावरील ग्रंथात मेटास्टॅसिस हा जुना शब्द नव्या अर्थाने योजिला. स्तनाचा कर्करोग झालेल्या रुग्णाच्या मेंदूत आढळलेल्या गाठीला त्यांनी हे नाव दिले. १८३८ मध्ये योहानेस म्यूलर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली गाठी तपासून त्या पेशींच्या बनलेल्या असल्याचे दाखविले. त्यांचे शिष्य रुडॉल्फ फिरखो यांनी प्रत्येक पेशी दुसऱ्या पेशीपासूनच जन्मते, हा सिद्धान्त १८५८ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानांतून रूढ केला.

येथे एक विसंगती नोंदविण्यासारखी आहे. रक्ताची गुठळी सुटून वाहत जाते आणि दूरच्या वाहिनीत अडकते, हे दाखवून देणारे फिरखोच होते. तरीही कर्करोगाच्या बाबतीत पेशी प्रवास करते असे त्यांनी मानले नाही. मूळ गाठीतून काही संसर्गजन्य रस पाझरतो आणि तो दूरच्या संयोजी ऊतींना विकृत करतो, अशी त्यांची धारणा होती. चार द्रवांचे वैद्यक ज्यांनी मोडीत काढले, त्यांच्याच विचारात त्याचा अंश शिल्लक राहिला! कार्ल टिर्श यांनी १८६५ मध्ये त्वचेच्या कर्करोगाचा अभ्यास करून तो आच्छादक पेशींपासून उद्भवतो असे सिद्ध केले. वाल्डायर यांनी १८६७ ते १८७२ या काळात तेच तत्त्व इतर अवयवांना लागू केले आणि सुटलेल्या पेशी लसिकेतून व रक्तातून वाहत जाऊन नवी गाठ निर्माण करतात असे मांडले. दरम्यान १८६९ मध्ये ऑस्ट्रेलियात टॉमस ॲशवर्थ यांना कर्करोगाने मृत्यू पावलेल्या रुग्णाच्या रक्तात गाठीतील पेशींशी जुळणाऱ्या पेशी दिसल्या. अशा रीतीने पेशी प्रवास करते, हे १८७० च्या सुमारास बहुतांशी मान्य झाले. ती कोठे आणि का थांबते, हे मात्र कोणी विचारले नव्हते.

पॅजेट यांचा प्रश्न

तो प्रश्न स्टीफन पॅजेट यांनी विचारला. विख्यात शस्त्रवैद्य सर जेम्स पॅजेट यांचे हे पुत्र, लंडनमधील रुग्णालयांत सहायक शस्त्रवैद्य होते. मार्च १८८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचा स्तनाच्या कर्करोगातील दुय्यम गाठींच्या वाटणीवरील लेख प्रसिद्ध झाला. त्यांनी नवा प्रयोग केला नाही, नवे उपकरण वापरले नाही. स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी गोळा करून त्यांनी केवळ मोजणी केली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे काम परिचयाचे वाटावे. दप्तरखान्यात बसून जुन्या कागदांतून नवा प्रश्न काढण्यासारखेच ते आहे.

त्यांचा युक्तिवाद असा. सुटलेल्या पेशी रक्ताबरोबर वाहत जाऊन कोठेही अडकत असतील, तर सारखा रक्तपुरवठा असलेल्या अवयवांत गाठी सारख्याच प्रमाणात आढळल्या पाहिजेत. यकृत व प्लीहा यांना रक्त पुरविणाऱ्या धमन्या एकाच मूळ धमनीच्या शाखा आहेत. असे असता यकृतात सुमारे एक-तृतीयांश रुग्णांना दुय्यम गाठी होत्या आणि प्लीहेत त्या फारच थोड्या रुग्णांना होत्या. रक्तात पू झाल्याने दगावलेल्यांच्या नोंदी त्यांनी तुलनेसाठी घेतल्या. त्यांच्यात प्लीहेतील गळू दुर्मीळ नव्हते. म्हणजे वाहून आलेले कण प्लीहेत पोहोचत होते, पण कर्करोगाच्या पेशी तेथे रुजत नव्हत्या. अस्थींतही असाच भेद दिसला. काही अस्थींत गाठी वारंवार होत. हातापायांच्या पंजांतील अस्थींत जवळजवळ कधीच होत नसत.

यावरून पॅजेट यांनी वनस्पतीची उपमा दिली. रोपाचे बी वाऱ्याबरोबर सर्व दिशांना जाते, पण अनुकूल जमिनीवर पडले तरच उगवते. सर्वांनी बीच तपासले, जमिनीकडे कोणी पाहिले नाही, अशी त्यांची तक्रार होती. अवयवांच्या अंगच्या अनुकूलतेचा विचार व्हिएन्नाचे नेत्रवैद्य एर्न्स्ट फुक्स यांनी आपल्याआधी मांडल्याचे त्यांनी प्रांजळपणे नमूद केले. पाठ्यपुस्तके बहुधा फुक्स यांना वगळूनच ही कथा सांगतात.

शस्त्राचा विस्तार

ज्या वर्षी हा लेख आला, त्याच वर्षी बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले आणि तेथे विल्यम हॉल्स्टेड यांची स्तनाच्या कर्करोगावरील विस्तृत शस्त्रक्रिया आकारास आली. त्यांनी १८९४ मध्ये ५० रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. संपूर्ण स्तन, त्याखालचा छातीचा मोठा स्नायू आणि काखेतील लसिकाग्रंथी हे सर्व एकसंध काढावे, अशी त्यांची पद्धत होती. विकृत ऊतींतून शस्त्र गेल्यास पेशी जखमेत सांडतील, म्हणून हा एकसंधपणाचा आग्रह होता. छातीवर त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण त्यांच्या रुग्णांत अवघे ६ टक्के होते. युरोपातील नामांकित शस्त्रवैद्यांचे आकडे याच्या कितीतरी पट होते. हॉल्स्टेड यांचे यश खरे होते, हे येथे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

परंतु त्या यशाचे मोजमाप काय होते, हे पाहावे लागते. छातीवर गाठ पुन्हा आली नाही, याचा अर्थ ती स्त्री वाचली असा होत नाही. स्थानिक पुनरुद्भव आणि आयुर्मान ही दोन भिन्न परिमाणे आहेत. पहिले सुधारले म्हणून दुसरेही सुधारले असणार, हे गृहीत धरण्यामागे प्रसाराचा एक विशिष्ट सिद्धान्त होता : कर्करोग मध्यापासून कडेकडे, लसिकावाहिन्यांमार्गे, क्रमाक्रमाने सरकतो. लंडनचे सॅम्पसन हँडली यांनी १९०६ मध्ये या सिद्धान्ताला पद्धतशीर रूप दिले. पेशी वाहिन्यांतून अखंड तंतूसारख्या वाढत जातात, अगदी दूरच्या अस्थींतही त्या याच सलग मार्गाने पोहोचतात, असे ते म्हणत. रक्ताला या चित्रात गौण स्थान होते. रोग सलग असेल, तर शस्त्र त्याच्या कडेपलीकडे नेले की रुग्ण बरा. रुग्ण दगावला, तर शस्त्र पुरेसे पुढे गेले नव्हते. या तर्काला बाहेर पडण्याचे दार नाही. अपयशसुद्धा येथे सिद्धान्ताच्याच बाजूने साक्ष देते.

म्हणून पुढील पिढ्यांनी सीमा वाढवीत नेली. मानेच्या मुळाशी असलेल्या ग्रंथी, छातीच्या हाडामागच्या ग्रंथी, क्वचित बरगड्यांचा भागही काढला गेला. हात सुजून जड होणे, खांदा आखडणे, बरगड्यांवर केवळ त्वचा उरणे हे परिणाम कर्तव्याची किंमत म्हणून स्वीकारले गेले. लंडनमध्ये जेफ्री केन्स यांनी १९२० च्या दशकात मर्यादित शस्त्रक्रियेला रेडियमची जोड देऊन तुल्य परिणाम मिळत असल्याचे दाखविले. त्यांची फारशी दखल घेतली गेली नाही.

पॅजेट दुर्लक्षित का राहिले, याचे उत्तर अंशतः येथे सापडते. ‘माती’ म्हणजे नेमके काय, हे दाखविण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. वाहिन्या मात्र कोणालाही दाखविता येत होत्या. अमेरिकेतील मातब्बर विकृतितज्ज्ञ जेम्स यूइंग यांनी १९२८ मध्ये दुय्यम गाठींची वाटणी रक्ताभिसरणाच्या रचनेवरून समजते, मातीची गरज नाही, असा निर्वाळा दिला. त्यात तथ्यही होते. १९४० मध्ये फिलाडेल्फियाच्या ऑस्कर बॅटसन यांनी पाठीच्या कण्याभोवतीच्या झडपारहित शिरांचे जाळे दाखवून अष्ठीला ग्रंथीचा कर्करोग कण्यात का जातो, याचा रचनात्मक मार्ग उलगडला. परंतु दुसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. पॅजेट यांच्या सिद्धान्तातून शस्त्रवैद्याला करण्यासारखे काहीच निघत नव्हते. रक्तातून सर्वत्र गेलेल्या बीजावर शस्त्र चालत नाही. जो सिद्धान्त व्यवसायाला काम देतो, तो टिकतो आणि जो हात बांधतो, तो मागे पडतो.

सिद्धान्ताची कसोटी

पिट्सबर्गचे शस्त्रवैद्य बर्नार्ड फिशर यांनी आपले बंधू एडविन यांच्यासह १९५० व ६० च्या दशकांत प्राण्यांवर प्रयोग करून लसिकाग्रंथी या पेशींना अडविणाऱ्या गाळण्या नाहीत, लसिका आणि रक्त यांच्यात पेशींची ये-जा चालते, असे दाखविले. हे खरे असेल, तर ग्रंथींतील गाठ ही रोगाची सरहद्द ठरत नाही. रोग आधीच दूर गेल्याची ती खूण ठरते. १९७१ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली बी-०४ ही चाचणी सुरू झाली. एकूण १,६६५ स्त्रियांना कोणती शस्त्रक्रिया मिळावी, हे शस्त्रवैद्याच्या मर्जीवर न सोडता यादृच्छिक निवडीने ठरविले गेले. काहींवर हॉल्स्टेड पद्धतीची शस्त्रक्रिया झाली, काहींचा केवळ स्तन काढून किरणोपचार दिले गेले. काखेत गाठ न लागणाऱ्या स्त्रियांपैकी एका गटाच्या ग्रंथी तशाच ठेवल्या गेल्या.

या तिसऱ्या गटाची माहिती बोलकी आहे. हॉल्स्टेड पद्धतीने ज्यांच्या ग्रंथी काढल्या, त्यांतील सुमारे ४० टक्के स्त्रियांच्या ग्रंथींत सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोग सापडला. यादृच्छिक निवडीमुळे तिसऱ्या गटातही जवळपास तेवढाच छुपा रोग असणार. तो काढला नसतानाही पुढे सुमारे १८ टक्के स्त्रियांनाच काखेत गाठ आली. बीज होते, पण ते सर्वत्र रुजले नाही. २००२ मध्ये २५ वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हाही गटांच्या आयुर्मानात लक्षणीय फरक आढळला नाही. १९७६ मध्ये सुरू झालेल्या बी-०६ या चाचणीने तर केवळ गाठ काढून किरणोपचार दिल्यास स्तन राखता येतो, असे दाखविले.

हा बदल केवळ शास्त्रज्ञांनी घडविला, असे म्हणणे अपुरे ठरेल. त्या काळी अमेरिकेत गाठीचा नमुना तपासण्यासाठी भूल दिलेली स्त्री शुद्धीवर येई, तेव्हा स्तन शिल्लक आहे की नाही हे तिला कळे; निदान आणि विच्छेदन एकाच भुलेत उरकले जाई. पत्रकार रोझ कुशनर यांनी स्वतः रुग्ण असताना या प्रथेविरुद्ध १९७० च्या दशकात लेखणी चालविली. वैद्यकाच्या इतिहासात रुग्णाचा आवाज नोंदविण्याची सवय आपल्याला अद्याप लागावयाची आहे.

बीज रुजते कसे?

इकडे प्रयोगशाळेत पॅजेट यांचे पुनरागमन होत होते. आयझाया फिडलर यांनी १९७० मध्ये किरणोत्सारी खूण केलेल्या कर्कपेशी उंदरांच्या शिरेत सोडल्या. चोवीस तासांनंतर सुमारे १ टक्का पेशीच जिवंत राहिल्या आणि अखेरीस ०.१ टक्क्याहून कमी पेशींपासून गाठी झाल्या. रक्तात पेशी सापडणे आणि रोग पसरणे यांत एवढे अंतर होते. हार्ट व फिडलर यांनी १९८० मध्ये उंदरांच्या मांडीत फुप्फुस, अंडाशय आणि मूत्रपिंड यांचे तुकडे कलम केले. रक्तातून सोडलेल्या पेशींनी फुप्फुसाच्या व अंडाशयाच्या कलमात गाठी निर्माण केल्या, मूत्रपिंडाच्या कलमात केल्या नाहीत. रक्तवाहिन्यांची रचना मांडीचीच होती. फरक मातीचा होता. (पॅजेट यांनी उत्तरायुष्यात, १९०८ मध्ये, प्राण्यांवरील प्रयोगांच्या समर्थनार्थ संस्था स्थापन केली होती. त्यांचे मत अखेर अशाच प्रयोगांनी सिद्ध व्हावे, हा योग म्हणावा लागेल.)

माणसातील पुरावा डेव्हिड टारिन व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दिला. कर्करोगामुळे पोटात पाणी साचलेल्या काही रुग्णांना आराम मिळावा म्हणून ते पाणी नळीने मानेच्या शिरेत सोडले जाई. त्याबरोबर असंख्य कर्कपेशी थेट रक्तात जात. तरीही मृत्यूनंतरच्या तपासणीत अनेकांच्या फुप्फुसांत वाढलेल्या गाठी आढळल्या नाहीत.

मूळ गाठीतून बाहेर पडण्याची क्रियाही याच काळात उलगडली. आच्छादक पेशींच्या थराखाली प्रथिनांचे एक पातळ आधारपटल असते; ते ओलांडल्याशिवाय पेशीला वाहिनीपर्यंत पोहोचता येत नाही. लान्स लिओटा यांनी १९८० मध्ये दाखविले की, अधिक पसरणाऱ्या पेशी या पटलातील कोलॅजेन विरघळविणारे विकर अधिक प्रमाणात निर्माण करतात. या जातीच्या विकराचा पहिला शोध १९६२ मध्ये ग्रॉस आणि लापिएर यांना बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत लागला होता. पिल्लू मोठे होताना शेपटी विरते ती त्यामुळेच. एलिझाबेथ हे यांनी भ्रूणाच्या अभ्यासातून असेही दाखविले की, शेजाऱ्यांना घट्ट चिकटून राहणारी आच्छादक पेशी बंध सोडून फिरस्ती होऊ शकते. भ्रूण घडविणारी ही क्षमता कर्कपेशी पुन्हा जागी करते, असे आज मानले जाते. म्हणजे कर्कपेशी नवे शस्त्र घडवीत नाही, शरीराचीच अवजारे अवेळी वापरते. या ज्ञानातून विकर रोखणारी औषधे मात्र यशस्वी झाली नाहीत. १९९० च्या दशकातील त्यांच्या चाचण्या निराशाजनक ठरल्या.

‘माती’ म्हणजे काय, याचे रेण्वीय उत्तर २००१ नंतर मिळू लागले. स्तनाच्या कर्कपेशींवर असलेल्या एका ग्राहीला जुळणारे संदेशक प्रथिन लसिकाग्रंथी, फुप्फुस, यकृत व अस्थिमज्जा यांत विपुल असते, असे त्या वर्षी आढळले. २००५ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून त्याहून विलक्षण गोष्ट पुढे आली. कर्कपेशी पोहोचण्यापूर्वीच मूळ गाठीच्या संदेशांमुळे अस्थिमज्जेतील पेशी त्या अवयवात येऊन जागा तयार करून ठेवतात. बी पडण्याआधी जमीन नांगरली जाते, हे पॅजेट यांच्याही कल्पनेपलीकडचे होते.

परळमधील तीन चाचण्या

या इतिहासाचे अलीकडचे एक प्रकरण मुंबईत घडले आहे. परळ येथे १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्यापासून विकृतिशास्त्रीय संशोधनाची परंपरा आहे. तेथील दोन चाचण्यांचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ते एकमेकांशेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत.

डॉ. राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी निदानाच्या वेळीच रोग दूरवर पसरलेला असलेल्या ३५० स्त्रियांचा अभ्यास केला. मूळ गाठ व काखेतील ग्रंथी यांवर उपचार केल्याने त्यांचे आयुष्य वाढले नाही. डॉ. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी तोंडाच्या आरंभीच्या कर्करोगाचा प्रश्न घेतला. तंबाखूमुळे हा रोग आपल्याकडे विपुल आहे. मानेत गाठ लागत नसतानाही तेथील लसिकाग्रंथी आधीच काढाव्यात, की गाठ येईपर्यंत थांबावे? आधीच काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी जिवंत होते. थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते. फिशर यांनी स्तनाच्या बाबतीत जे नाकारले, ते तोंडाच्या बाबतीत खरे ठरले. ल द्रान यांचे स्थानिक रोगाचे चित्र एका अवयवात मोडले आणि दुसऱ्यात टिकले. हॉल्स्टेड यांची चूक ‘अधिक कापणे’ ही नव्हती, एका अवयवाचे उत्तर न तपासता नियम मानणे ही होती, असे या दोन निष्कर्षांवरून म्हणता येते.

तिसरी चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. भारतातील ११ केंद्रांमधील सुमारे १,६०० स्त्रियांपैकी निम्म्यांना स्तनाच्या शस्त्रक्रियेपूर्वी गाठीभोवती ०.५ टक्के लिडोकेन हे जागा बधिर करणारे औषध टोचले गेले. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण औषध दिलेल्या गटात ९०.१ टक्के, न दिलेल्या गटात ८६.४ टक्के आढळले. शस्त्राच्या आघाताने पेशी प्रवासास प्रवृत्त होत असाव्यात आणि बधिर ऊतींत ते टळत असावे, अशी संशोधकांची धारणा आहे. कार्यकारणाचा पूर्ण उलगडा व्हावयाचा आहे. शस्त्राने पेशी सांडतात ही धास्ती हॉल्स्टेड यांनाही होती. विशेष म्हणजे जागा बधिर करण्याच्या तंत्राचे, १८८४-८५ मध्ये स्वतःवर कोकेनचे प्रयोग करून त्या व्यसनात अडकलेले, आद्य प्रवर्तकही हॉल्स्टेडच होते. परळच्या पद्धतीत शस्त्रवैद्य औषध टोचतो आणि सात ते दहा मिनिटे हात आवरून थांबतो. त्यानंतर पहिला छेद घेतो.